पिंजाऱ्याच्या घरचा कापूस

जीपच्या टपावर आधी लोखंडी कपाट चढलं, मग भांड्यांची दोन पोती, आणि सगळ्यात शेवटी अब्बा घरातून दोन गाद्या घेऊन आले. एकेक गादी डोक्यावर, असे दोन फेरे. लाल पट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ, कडेला दुहेरी शिवण, वितीवितीवर पक्का टाका. पहिल्या वेचणीची रुई त्यांनी जिनिंगच्या कारखान्यातून निवडून आणली होती आणि गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवून महिनाभर तीच पिंजत बसले होते. गाद्या टपावर चढवून त्यांनी दोरी आवळली आणि खाली उतरून हात झटकले.

मी जीपमध्ये बसले होते. अंगावर लग्नाचा शालू, शेजारी एका दिवसापूर्वीचा नवरा. मी खिडकीतून मान काढून म्हटलं, "अब्बा, गाद्या राहू द्या. तिकडे फ्लॅटमध्ये फोमची गादी आहे."

सलीम हळूच म्हणाले, "असू दे ना, घेऊन जाऊ."

मी म्हटलं, "कापसाच्या गादीत ढेकूण होतात."

हे मी पांढरकवड्याच्या पिंजारी गल्लीत, सगळ्या गल्लीसमोर, पिंजाऱ्याला म्हटलं. अब्बा पुन्हा टपावर चढले. दोरी सोडली. एकेक गादी खाली घेतली आणि डोक्यावर ठेवून घरात नेली. पुन्हा दोन फेरे. दुसऱ्या फेऱ्यानंतर ते बाहेर आलेच नाहीत. जीप निघाली. त्यानंतर नऊ वर्षं माझे वडील माझ्याशी बोलले नाहीत.

पिंजारी म्हणजे काय, हे आता शहरातल्या मुलांना सांगावं लागतं. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा माणूस. खांद्यावर मोठ्या धनुष्यासारखं पिंजण घेऊन अब्बा पावसाळा सरला की गावोगाव फिरायचे. मारेगावचा बाजार, बोरी अरबपर्यंत. पिंजणाच्या तातीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी दस्ता मारला की ठुंय् असा आवाज व्हायचा आणि दाबून दगड झालेला कापूस ढगासारखा फुलायचा. हैदराबाद रोडवरचे ट्रकवाले केबिनची गादी आमच्याकडेच भरून घ्यायचे. जुनी गादी कोणी फेकायला निघालं तर अब्बांना राग यायचा. "गादी फेकत नसते बावा," ते म्हणायचे, "उसवाची, पिंजाची, भराची."

(घरात आम्ही हिंदी बोलायचो, पण ती पांढरकवड्याची हिंदी, निम्मी वऱ्हाडी. इथे मी वऱ्हाडीतच लिहिते.)

आमच्या घराची आणखी एक रीत होती. गावात कोणाच्याही घरी मयत झाली की कापूस आमच्याकडून जायचा. मुसलमानाच्या घरी गुसलसाठी, म्हणजे मयताच्या आंघोळीसाठी, आणि कफनासाठी. हिंदूच्या घरी नाकात घालायला, उशापाशी लावायच्या दिव्याच्या वातीला. निरोप आला की अब्बा हातातलं काम ठेवायचे, बिस्मिल्ला म्हणून मूठभर स्वच्छ रुई नव्याने पिंजायचे आणि कागदात बांधून द्यायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनी घेतले नव्हते.

मी त्या गल्लीतली पहिली पदवीधर. बी.ए. गावात, बी.एड. यवतमाळला. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते, आणि का होऊ नये? शेजारच्या जिनिंगचा भोंगा झाला की मी पुस्तक उघडायची. अंगावर, केसांत, वहीच्या पानांत कापसाची तुसं. कॉलेजात मुली माझ्या वेणीतून कापूस वेचायच्या आणि हसायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, की या कापसातून बाहेर पडायचं.

म्हणून लग्नाच्या बायोडाटात वडिलांच्या नावापुढे मी 'कापसाचा व्यवसाय' असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण आमच्या भागात कापसाचा व्यवसाय म्हणजे व्यापारी, जीप असलेला माणूस, हे मला ठाऊक होतं. निकाहाच्या दिवशी जेवताना सलीमच्या मोठ्या भावाने अब्बांना अदबीने विचारलं, "यंदा क्विंटलला काय भाव चाललाय, चाचा?" अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मी किलोवाला मानूस हाय, भाऊ. क्विंटलचं मले नाही समजत." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गाद्यांचं झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

पुण्यात मला शाळेत नोकरी लागली. भूगोल. 'कापसाची काळी मृदा' हा धडा मी मुलांना दरवर्षी शिकवायची. नकाशात यवतमाळवर बोट ठेवायची आणि हे माझं गाव आहे, असं सांगायची नाही. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणाने येई. स्टाफरूममध्ये कोणी विचारलंच तर लगेच, "अरे बापरे, यवतमाळ?" आणि चेहऱ्यावर दया. मला दया नको होती. मी म्हणायची, "आमचं शेत नाही." तेही खोटं नव्हतं.

पण कापसाचं काही झालं की ते पिंजाऱ्यापर्यंत पोचतंच. ज्यांच्या घरी पेरणीचं बी आणायची मारामार, ते गादी कुठून भरणार? अम्मी दर शुक्रवारी बूथवरून फोन करायची. एकदा म्हणाली, "यंदा तुया अब्बाचा कापूस गाद्यायले कमी अन् मयतीलेच जास्त गेला, बेटा." मी ऐकलं आणि माझ्या लेकीच्या, आयशाच्या, शाळेच्या गणवेशाबद्दल बोलू लागले.

लग्नाच्या नवव्या वर्षी सलीमच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ते पिंपरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, उभं राहून काम करणारा माणूस. दोन महिन्यांत पाय गेले. ऑपरेशन झालं, पाय परतले नाहीत. मग सात महिने पलंगावर.

त्या सात महिन्यांबद्दल मी फारसं लिहू शकत नाही. एवढंच सांगते. फोमची गादी गरम होते. माणूस चोवीस तास तिच्यावर पडून असला की घाम जिरत नाही, पाठ सोलवटते, मग जखमा होतात. मी दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पावडर लावायची, चादर बदलायची, शाळेत जायची, दुपारी धावत यायची. जखमा वाढतच गेल्या. एकदा पाठ पुसताना सलीम म्हणाले, "तुझ्या अब्बांची ती गादी असती ना रेहाना, तर बरं झालं असतं."

टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता यायचाच नाही. सहज म्हणाले.

पुण्यात कापसाच्या गाद्या मिळत नव्हत्या असं नाही. मी एक आणलीही. आत जुन्या चिंध्यांची भुकटी होती. पिंजाऱ्याच्या पोरीला हात लावताच कळलं. पांढरकवड्याला एक फोन केला असता, तर काम झालं असतं. मी केला नाही. अम्मीलाही बजावून ठेवलं, "अब्बांना काही सांगायचं नाही." ज्या माणसाची गादी मी ढेकणांच्या नावाने परत केली, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागू? आणि मागितली आणि त्यांनी नाही म्हटलं तर? रोज सकाळी ठरवायची, आज करते. संध्याकाळी वाटायचं, उद्या. फोन आमच्या पलंगापासून चार हातांवर होता.

अल्लाहकडे मात्र मागत होते. पाच वेळची नमाज, रोजे, मन्नती, कोणी सांगेल ती आयत, कोणी देईल ते पाणी. सलीम एका मंगळवारी सकाळी गेले.

घरात माणसं जमायला लागली. मी कोपऱ्यात बसले होते. मोठ्या दिरांनी कोणालातरी सामान आणायला पाठवलं. तो आला, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मला कापूस दिसला. मेडिकलमधला, निळ्या कागदात गुंडाळलेला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्या घरातून अख्ख्या गावाच्या मयतीला कापूस गेला, त्या घरच्या जावयाला मेडिकलचा गुंडाळा. तिथे कोणाला काय सांगणार? हसले असते.

दुपारी फोन वाजला. मीच उचलला, कोण आहे तेही विचारलं नाही. म्हटलं, "सलीम गेले. सकाळी." पलीकडून कोणी बोललं नाही. मागे खूप गलका होता, लाउडस्पीकरवर कुठल्याशा गाडीचा फलाट सांगत होते. मग फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी अम्मी आणि अब्बा आले. अम्मी वर आली ती माझ्याजवळच राहिली. अब्बा खाली पुरुषांच्या बैठकीत, टोकाच्या खुर्चीवर बसले. फातिहा झाली. आयशा खाली गेली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढं तिने मला सांगितलं. वर आले नाहीत. बाप जावयाच्या मयतीला येतो आणि लेकीला भेटल्यावाचून जातो, याचा मी एकच अर्थ लावला.

नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचे इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी काढले. शाळेने बिनपगारी रजा दिली, उपकारच. अम्मी शेजारी बसून कुराण पढायची; मी भिंतीकडे तोंड करून असायची. नमाज मी सोडली होती. रागाने सोडली असंही नाही. मुसल्यावर, नमाजाच्या चटईवर, उभी राहायची आणि पुढे शब्दच यायचे नाहीत. जे मागायचं होतं ते मागून झालं होतं. अम्मी एकदाच म्हणाली, "जबरदस्ती नाही वो. पन मुसल्ला घडी करून आत नको टाकू. राहू दे बाहीर." तो खुर्चीच्या पाठीवर राहिला.

इद्दत संपली आणि अम्मी म्हणाली, "चाल आता घरी. चार दिवस." मला जायचं नव्हतं. आयशाने कधी आजोळ पाहिलं नव्हतं, म्हणून निघाले. डिसेंबर होता. यवतमाळच्या पुढे रस्त्याच्या कडेने कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. आयशा म्हणाली, "अम्मी, बर्फ!" तिला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

अब्बा केवढे लहान झाले होते! दारातल्या बाजेवर बसले होते, छातीचा भाता चालू. पिंजाऱ्यांना होतोच तो दमा. माझा सलाम त्यांनी घेतला आणि आयशाला जवळ बोलावलं. घरात शिरले तर माळ्यावर नजर गेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लाल पट्ट्यांची गादी. एकच.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक विकली वाटतं."

का म्हटलं? आजही विचार करते. प्रवासाचा शीण असेल. अम्मी काही बोलणार तेवढ्यात अब्बांनी हात वर केला, आणि ती थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या ओट्यावर गेल्यावर अम्मी चुलीजवळ बसली आणि बोलली. "विकली नाही वो पोट्टे. तू गेल्यावर त्या दोनी गाद्या ते सालोसाल उसवत, पिंजून पुन्हा भरत. मी म्हनो, कायले मरता, कोन झोपते याच्यावर? तं म्हनत, गाठी होतात. मधात दोन साल चूल पेटाची मारामार होती, एक गिऱ्हाईक रोख द्याले तयार होतं. नाही देल्ली." मग तिने पदर डोळ्यांना लावला. "सलीमच्या पाठीचं मले लपवता नाही आलं. सोमवारी सांगतलं. मंगळवारी सकाळी एक गादी बांधून डोक्यावर घेऊन निंगालते तुये अब्बा. यवतमाळले पुण्याच्या गाडीची वाट पाहत बसले. येतो म्हून सांगासाठी बूथवरून फोन केला, तं तूच उचलला."

लाउडस्पीकर. फलाट.

"गादी?" मी विचारलं.

"सरकारी दवाखान्यात देऊन आले. कोनी पाठीवर पडलेला असंन त्याले द्या म्हने, माह्या जावयाच्या नावानं. मंग मले घेऊन पुण्याले आले, तं जिन्यापाशी पाय अडले. मले म्हने, तू जा वर. मले उशीर झाला, मी कोनतं तोंड दाखवू."

दोघंही तोंड कसं दाखवू म्हणून चार हातांवर थांबलेलो. एवढी साधी गोष्ट होती. आणि मधल्यामध्ये एक माणूस पाठ सोलून घेत गेला. याला इलाज नाही. जी वस्तू परत करता येत नाही ती येत नाही; मी कितीही शिकलेली असले तरी.

मी ओट्यावर गेले. पिंजायचं मशीन धूळ खात होतं; दिवसभराचं भारनियमन, वीज यायची ती अवेळी. अब्बांनी जुनं पिंजण काढून छताच्या कडीला टांगलं होतं. दोन ठोके, मग धाप. दोन ठोके, मग धाप. मी समोर बसले. म्हटलं, "अब्बा, ते गादीचं…"

ते वर न बघता म्हणाले, "तोंडाले फडकं बांध. तुसं जातात."

आणि खांद्यावरचं स्वतःचं फडकं माझ्याकडे टाकलं. मी ते नाकातोंडावर बांधलं आणि त्याच्या आत रडून घेतलं. नऊ वर्षांनंतरचं एवढंच बोलणं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली असं म्हणता येणार नाही.

तेवढ्यात एक माणूस सायकलवरून आला. खालच्या वस्तीतला, नावाने ओळखत नाही. सायकल न टेकवताच म्हणाला, "चाचा, आमचा बाप गेला. कापूस पायजे." अब्बांनी स्वच्छ रुईची मूठ पुढे घेतली, दस्ता उचलला आणि त्यांना ठसका लागला. थांबेचना. माणूस उभा होता. अब्बांनी दस्ता माझ्या हातात दिला.

"तू मार."

"मला येत नाही, अब्बा."

"बी.ए. झाली अन् हे नाही येत?" ठसक्यातही त्यांना हसू आलं. "मार. मयत थांबली हाय त्याची."

मी दस्ता उचलला. मयतीचा कापूस बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पिंजायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत. माझा हात वरच राहिला. अब्बा वाट बघत होते, तो सायकलवाला वाट बघत होता. मग मी म्हटलं. किती महिन्यांनी तो शब्द तोंडातून आला! मागण्यासाठी नाही, दुसऱ्याच्या बापासाठी. तात ठुंय् वाजली. वाकडीतिकडी, बेसूर. कापूस फुलला, पण जागोजागी गाठी राहिल्या. अब्बांनी बोटाने दोनचार सोडवल्या आणि कागदात बांधला. त्या दुपारी मी अम्मीच्या मुसल्यावर उभी राहिले. नमाजाच्या चारच रकात. सलीमसाठी तेवढंच जमलं. विश्वास परत आला असं मी म्हणत नाही. दार वाजवून पाहिलं, एवढंच म्हणते.

परत निघताना दुसरी गादी गाडीच्या टपावर मीच चढवली. खाली उभे राहून अब्बा ओरडत होते, "दोरी आवळ! पुस्तकं बांधली का कधी?" कंडक्टर म्हणाला, "बाई, पुण्याले गाद्या भेटत नाही काय?" मी म्हटलं, "अशी नाही भेटत. पिंजाऱ्याची पोरगी आहे मी, मला कळतं." अब्बांनी ऐकलं. टोपी काढून पुन्हा घातली.

पुढे दोन डिसेंबर मी गेले. ओट्यावर बसायची, पिंजायची, गाठी राहायच्या. अब्बा म्हणायचे, "तुयी तं शाळाच बरी." तिसऱ्या पावसाळ्यात अम्मीचा फोन आला. मी आणि आयशा मिळेल त्या गाडीने निघालो. पुणे ते पांढरकवडा म्हणजे किती लांब, हे मी मुलांना नकाशात दाखवते. पण ते अंतर खरं कळतं ते अशाच वेळी. मयत थांबवत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा पुरुष कब्रस्तानातून परतले होते आणि ओट्यावर हात धूत होते.

मी अम्मीला विचारलं, "कापूस कुठून आणला?" मशीन बंद, पिंजण बंद, पिंजणारा तर गेलेला.

तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा दाखवला. रिकामा. "तू डिसेंबरात पिंजला तो कापूस त्यायनं यात ठेवलता. हा माह्यासाठी म्हने. मी म्हटलं, याच्यात तं गाठी हायेत. तं म्हने, असू दे. पोट्टीच्या हातचा हाय, तिले याले उशीर होईन."

पांढरकवड्यात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्या-मुंबईत, आखातात गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला विचारलं तर मला चांगलं उत्तर येत नाही. गल्लीत आता पिंजण वाजत नाही. अम्मी माझ्याजवळ असते आणि पुण्याच्या पाण्याला नावं ठेवते. गादी सलीमच्या पलंगावर आहे. फोम मी उचलून टाकला. दर डिसेंबरात मी ती गच्चीवर उसवते, अब्बांच्या पिंजणाने पिंजते, भरते. सोसायटीचे सेक्रेटरी तुसांबद्दल तक्रार करतात. आयशा टाके घालते, माझ्यापेक्षा सरळ. थोडी रुई बाजूला काढून मी त्या पत्र्याच्या डब्यात ठेवते; कोणाच्या मयतीला लागली तर न्या, असं आसपास सांगून ठेवलं आहे.

दारावर अजून सलीमच्या नावाची पाटी आहे. पण मागच्या आठवड्यात एक अनोळखी मुलगी जिना चढून आली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. म्हणाली, "पिंजाऱ्याचं घर हेच का? कापूस हवा होता."

मी म्हटलं, "हेच. बस, देते."